दोराचा पहिला हात आणि दुसरा डबा

मुक्काम तोच, तालुका कुरखेडा
बुधवार, बोडीवरून घरी आल्यावर

एटापल्लीच्या पलीकडे वनखात्याच्या कॅम्पवर रेंजविना सुखात राहणारा माझा धाकटा भाऊ श्रावण यास शालिकदादाचे आशीर्वाद. इकडे तुझी प्रेमिलावहिनी ठीक आहे, म्हैस ठीक आहे, तलावात पाणी ठीक आहे, आणि मी ठीक होण्याच्या मार्गावर आहे. तुझी तब्येत कशी आहे, हे मी दर खेपेला विचारतो आणि तू दर खेपेला "मस्त" एवढंच कळवतोस. या वेळी कृपा करून दोन वाक्यं लिही. रंजीताला आणि लेकरांना आशीर्वाद. हे पत्र एटापल्लीच्या बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतो आहे. (फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर तू टेकडीवर चढून येतोस, सगळ्यांची चौकशी करतोस, आणि मी मुद्द्यावर आलो की नेमकी तुझी रेंज जाते. इतकी समजूतदार रेंज मी दुसरीकडे पाहिली नाही.)

मुद्दा असा. होळीनंतरच्या बुधवारी मोठ्या तलावात मोठं जाळं टाकायचं आपल्या मच्छीमार संस्थेच्या सभेत ठरलं आहे. तुला जाळ्याची रीत सांगायला नको, पण नोकरीत गेल्यापासून तू पुष्कळ गोष्टी सोयीनं विसरतोस म्हणून लिहितो. जाळ्याला दोन दोर, दोन दोरांना दोन घरं, आणि आपल्या दोरावर पाण्याकडचा पहिला हात आपल्या घरातल्या मोठ्याचा. तो बाबांचा होता, मग देवरावदादाचा होता. दादा तलावाच्या पाळीवर, बांधावरच, दोर हातात असतानाच खाली बसला आणि उठला नाही, तेव्हापासून गेली तेरा वर्षं माझा आहे. दादा तेव्हा चौपन्नचा होता. मी आता सत्तावन्न आणि तू त्रेपन्न. मागच्या वर्षी जाळं निम्मं आलं आणि माझा पाय चिखलात सरकला, मी गुडघ्यावर आलो. दोर सुटला नाही. तसं मी इतिवृत्तात नोंदवलं आहे. (इतिवृत्त मीच लिहितो, कारण सचिव मी आहे.) तरीही आपले अध्यक्ष लटारूभाऊ सगळ्यांदेखत म्हणाले, "शालिक, आता तू काट्यावर बस. दोरावर तुह्या भावाले बोलाव." काट्यावर बसणं म्हणजे प्लास्टिकच्या खुर्चीत बसून दुसऱ्यांनी ओढलेले मासे मोजणं. तू पाहिलंच आहेस, तिथं कोण बसतं ते. त्याच दिवशी मी ठरवलं की पहिला हात सोडायचा नाही. (तुला तो हात हवा आहे, हेही मला ठाऊक आहे. मागच्या दिवाळीत तू माझे दंड ज्या नजरेनं पाहत होतास ती नजर मी ओळखतो. बाजारात बैल बघताना बाबांची तीच असायची.)

म्हणून मी दवाखान्यात गेलो. ताकदीचं एखादं इंजेक्शन मागावं आणि परत यावं, एवढाच विचार होता. तिथं नव्या डॉक्टर आल्या आहेत, ज्योत्स्ना मॅडम, आपल्या चंद्रपूरकडच्याच. वयानं लेकीएवढ्या, आपल्या पायलएवढ्या असतील, पण ऐकत नाहीत कोणाचं. इंजेक्शन द्यायच्या ऐवजी त्यांनी रक्तच काढून घेतलं. दोन दिवसांनी कागद हातात आला. कोलेस्टेरॉल दोनशे एकाहत्तर, त्यातलं वाईट एकशे ब्याऐंशी. मी म्हटलं, मॅडम, मी ढेरपोट्या माणूस नाही, आयुष्यभर पाण्यात उभा राहिलो आहे, मला हे कुठून येणार. त्या म्हणाल्या, हे पोट पाहून येत नाही, काही घरांत रक्तातूनच चालत येतं. मग घरात कोणी अचानक गेलं का, असं विचारलं. मी दादाचं सांगितलं. त्या लिहायच्या थांबल्या. आणखी भाऊ आहेत का, असंही विचारलं. मी म्हटलं, एक आहे, पण तो जंगलात असतो. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही जंगलात गेल्यावर माणसाचे आईबाप बदलतात असं मी म्हणालो होतो.

त्यांनी रोज रात्री जेवल्यावर एक गोळी सांगितली. तळण बंद, मटण सणालाही विचारून, रोज एक तास चालणं. गडचिरोलीला पाठवून पट्ट्यावर पळवून हृदयाची तपासणीही करून घेतली. (त्यात मी पास झालो. पट्टा थांबला तेव्हा मी थांबलो, त्याच्या आधी नाही.) शेवटी माझा दंड दाबून पाहिला आणि म्हणाल्या, वयानं मांस उतरलंय, ताटात प्रोटीन वाढवा, मूग, हरभरा, सोयाबीन, दही, अंड्याचा पांढरा भाग आणि मासे. एवढ्या सगळ्या बोलण्यातला मला एकच शब्द ऐकू आला, तो म्हणजे प्रोटीन. पियुष नागपूरला जिममध्ये जातो. (आपला लेक आहे म्हणून सांगतो, त्याचे दंड दोराच्या लायकीचे आहेत; डोकं अजून नाही.) त्याच्याकडे मी डबे पाहिले होते. मी थेट बस धरून वडशाला गेलो.

वडशाला अशा डब्यांचं एक नवं दुकान झालं आहे. तिथं अजय नावाचा मुलगा बसतो, ज्याची मान त्याच्या डोक्याहून रुंद आहे. त्यानं मला काका म्हणून खुर्ची दिली आणि विचारलं, तुम्हाला काय कमवायचं आहे. मी म्हटलं, दोराचा पहिला हात. त्याला काही कळलं नाही, पण त्यानं मागं न पाहताच फळीवरचा सर्वांत मोठा डबा काढला. काळा डबा, लाल झाकण, आणि वर एका उघड्याबंब माणसाचं चित्र, जो कोणावर तरी चिडलेला होता. मी तो डबा मांडीवर घेऊन बसमधून आलो. वाटेत तीन जणांनी विचारलं, खताचा आहे का.

घरी नेण्याआधी डबा मॅडमला दाखवावा असं वाटलं. त्यांनी चित्राकडे पाहिलंच नाही. डबा उलटा फिरवला आणि मागचं बारीक अक्षर वाचायला लागल्या. म्हणाल्या, हे वजन वाढवायचं पीठ आहे. यात प्रोटीन थोडं आणि साखरेचेच भाऊबंद जास्त, तुमच्या रक्ताला हे नकोच. मी दुसऱ्या दिवशी वडशाला गेलो. अजयनं तो बदलून दिला नाही (झाकण मी उघडलं होतं, वास घ्यायला), पण दुधाच्या निवळीचा, म्हणजे व्हे प्रोटीनचा, दुसरा एक डबा दिला. मॅडमनी तोही उलटा केला. म्हणाल्या, दुधाचं वाईट नसतं, पण ही जात जरा साधी आहे, हिच्यात दुधातली चरबी आणि कोलेस्टेरॉल थोडं थोडं राहतं. जास्त गाळलेली जात घेतली तर कमी असतं. मग त्यांनी मला कागदावर लिहून दिलं: पुढचं चित्र पाहायचं नाही, मागचा तक्ता पाहायचा, सॅच्युरेटेड फॅट किती, वरून घातलेली साखर किती, मीठ किती, आणि ज्या जडीबुटीचं नाव वाचता येत नाही ती असेल तर डबा खाली ठेवायचा. आधी मूत्रपिंडाची तपासणी करून घ्यायची, तीही त्यांनी करून घेतली. शेवटी म्हणाल्या, घ्यायचाच हट्ट असेल तर साधं सोयाचं घ्या, बिनचवीचं, दिवसाला एक चमचा. आणि मग त्यांनी जे विचारलं ते मी अजून विसरलो नाही.

"शालिकरामजी, तुम्ही मासे धरता, ते विकता, आणि त्या पैशातून डबा आणता?"

मी म्हटलं, धंदा धंद्याच्या जागी. तिसऱ्यांदा वडशाला गेलो. अजयनं या वेळी खुर्ची दिली नाही. सोयाचा डबा त्याच कंपनीचा निघाला: काळा, लाल झाकणाचा, पहिल्याएवढाच. बिनचवीचं घेताय काका, अख्खं तोंड पिठाचं होईल, असं त्यानं बजावलं. मी म्हटलं, मी चवीसाठी घेत नाही. दुधाचा डबा पियुषकडे पाठवला. पहिल्या डब्यातलं पीठ प्रेमिलानं उकिरड्यावर ओतलं आणि दोन दिवस गावच्या मुंग्या आपल्या घरामागं राहायला आल्या होत्या.

आता इथून पुढं नीट वाच, कारण लोक तुला वेगळं सांगतील. तुला माहीत आहे, आपल्या घरात घट्ट झाकणाचा रिकामा डबा कधी रिकामा राहत नाही. घरामागच्या बोडीत, त्या लहानशा तळ्यात, यंदा मी बोटुकली पाळली आहे, बोटाएवढी रोहू आणि कटला. तिचं खाद्य म्हणजे भाताचा बारीक कोंडा, कुटलेली शेंगदाण्याची ढेप, म्हणजे पेंड, आणि सोयाबीनचा चुरा. पोत्यात ठेवलं की उंदीर येतात. प्रेमिलानं ते चाळून त्या पहिल्या डब्यात भरलं. त्यावरचं चित्र तिनं खरवडून काढलं, कारण तो उघडा माणूस देवाच्या फळीकडे डोळे वटारून पाहत होता. इथपर्यंत तिची काहीही चूक नाही. माझ्या सोयाच्या डब्याचं लेबल मी स्वतः काढलं. मागचा तक्ता इतका उत्तम होता की, सचिवाच्या सवयीनं मी तो पूर्ण कापून संस्थेच्या फायलीत चिकटवला. (पुरावा म्हणून. पुढं कोणी विचारलं असतं, शालिकराम काय खाऊन दोर ओढतो, तर कागद दाखवता आला असता.) म्हणजे घरात दोन डबे, दोन्ही काळे, दोन्ही लाल झाकणाचे, दोन्ही उघडेबोडके. माझा डावीकडे, माशांचा उजवीकडे. संक्रांतीच्या आधी तुझ्या वहिनीनं भिंती सारवल्या, फळी खाली काढली आणि डब्यांसकट परत लावली.

एकोणीस दिवस, श्रावण. एकोणीस दिवस मी रोज सकाळी ग्लासभर पाण्यात एक चमचा घालून, ढवळून, नाक न दाबता प्यायलो. चव खरखरीत होती. पण बिनचवीचं म्हणजे असंच असणार, अजयनं सांगितलंच होतं, आणि मी काही चवीसाठी घेत नव्हतो. उलट मला ताकद वाटायला लागली. भाताचं पोतं एका दमात ओट्यावर ठेवलं. बोडीच्या पाळीवर दोर बांधून सकाळ-संध्याकाळ ओढायचा सराव केला. लटारूभाऊ ते पाहायला आले आणि म्हणाले, "काय खाऊन राह्यला बे तू?" मी त्यांना एक ग्लास दिला. त्यांनी मिटक्या मारल्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, आणि चार दिवसांनी सभेत उठून सांगितलं की आपल्या सभासदांनी असल्या विदेशी वस्तूंकडे नाक मुरडू नये, गुडघे हलके होतात. (हे इतिवृत्तात आहे. मी खोडू शकत नाही. पानावर त्यांची सही आहे.)

इकडे बोडीत वेगळाच प्रकार चालला होता. प्रेमिला रोज दोन मुठी टाकायची. पाण्यावर पांढरा फेस यायचा आणि बोटुकली अशी उसळायची की काठावरची बदकं मागं सरकायची. ती मला दोनदा म्हणाली की यंदाची ढेप चांगली दिसते. तिसऱ्यांदा तिला डब्यात हात घालताना काहीतरी लागलं. तिनं बाहेर काढलं तर प्लास्टिकचा छोटा चमचा, जो कंपनी पिठात पुरून देते. (तो मला सुरुवातीपासून सापडला नव्हता, म्हणून मी चहाचा वापरत होतो.) ती तो चमचा घेऊन माझ्यासमोर आली. मी तेव्हा ग्लास तोंडाला लावलेला होता. ती काही ओरडली नाही. तुझी वहिनी ओरडत नाही, ते तुला माहीत आहे. तिनं ग्लासात पाहिलं, बोडीकडे पाहिलं आणि म्हणाली, "काऊन वो, मासे तुमच्यापेक्षा जास्त ताकदीचे दिसून राह्यले मले."

मी ग्लास खाली ठेवला. उरलेलं प्यायलो नाही, हे तुला सांगून ठेवतो, कारण लटारूभाऊंच्या घरी वेगळं सांगतात.

लटारूभाऊंना सांगायला मी स्वतः गेलो. त्यांनी एवढंच विचारलं की ढेप आपल्या घाण्याची होती की बाहेरची. आपल्या घाण्याची, म्हटल्यावर त्यांना जरा बरं वाटलं. गुडघे मात्र त्याच दिवशी संध्याकाळपासून पुन्हा दुखायला लागले. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मॅडमकडे गेलो. त्या हसतील अशी माझी तयारी होती, पण त्या चिडल्या. म्हणाल्या, जनावरांच्या खाद्याला माणसाच्या अन्नाचे नियम नसतात, ढेपेला बुरशी लागते, ती लिव्हरला चावते. दोघांचं रक्त घेतलं. लिव्हर दोघांचंही शाबूत निघालं. आणि माझं वाईट कोलेस्टेरॉल एकशे ब्याऐंशीवरून एकशे आठवर आलेलं. मी हळूच म्हटलं, मॅडम, कोंड्याचा काही उपयोग होतो असं कुठं तरी वाचलं होतं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, हा आकडा कोंड्यानं नाही, डब्यानं नाही, रात्रीच्या गोळीनं उतरलाय. आणि ते खरं आहे. या सगळ्या गोंधळात एकच गोष्ट न चुकता झाली, ती म्हणजे प्रेमिलानं पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभं राहून मला गिळायला लावलेली गोळी. मला वाटत होतं, ती माझा पराभव पाहायला उभी राहते.

सध्या मी डबा बंद केला आहे. सकाळी भिजवलेले हरभरे आणि दोन अंड्यांचं पांढरं, दुपारी मुगाचं वरण, रात्री तलावातला मासा, तिखटपाण्यात शिजवलेला, तेल नावाला. मॅडम म्हणतात एवढं पुरतं. दोर रोज ओढतो. दम लागत नाही, पाय सरकत नाही. लटारूभाऊंनी काल स्वतः येऊन पाहिलं आणि काट्याचा विषय काढला नाही. तेव्हा पहिला हात सुटणार नाही, तू जाळ्याला ये, पोटभर जेव आणि पाळीवर उभा राहून पाहा.

रंजीताला म्हणावं, चारोळी मिळाली तर थोडी पाठव. मुलांच्या अभ्यासावर लक्ष ठेव. तू स्वतःवरही ठेवलंस तर बरं.

तुझा दादा,
शालिकराम

ता. क. परवाच्या सभेत एक ठराव झाला आहे, क्रमांक चार. चाळिशीपुढच्या कोणत्याही सभासदानं, तसंच सभासदाच्या बाहेरगावच्या भावानं, रक्ताचा कागद दाखवल्याशिवाय मोठ्या जाळ्याच्या दोराला हात लावायचा नाही. सूचक शालिकराम. अनुमोदक लटारूभाऊ, कारण त्यांना आता नाही म्हणायला तोंड नाही. "बाहेरगावच्या भावानं" हे शब्द कशाला, असं दोघातिघांनी विचारलं. मी म्हटलं, कायद्याची भाषा असते.

आणखी एक ता. क. ज्योत्स्ना मॅडम होळीच्या आधीच्या रविवारी सकाळी आपल्या गावात येऊन सगळ्यांचं रक्त घेणार आहेत. यादी मी केली आहे. पहिलं नाव तुझं आहे. शनिवारी मुक्कामाला ये. रात्री जेवल्यावर पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही, तंबाखूसुद्धा नाही. रंजीतानं तुझ्या वहिनीला सांगितलं आहे की कॅम्पच्या चढावर तू मधल्या पुलाच्या कठड्यावर बसतोस आणि विचारलं तर मोर पाहत होतो म्हणतोस. त्या पुलावर मी आलो आहे, श्रावण. तिथून मोर दिसत नाही.

शेवटची ता. क. वर पहिल्या हाताचं जे लिहिलं ते खोडत नाही, पत्र खराब दिसेल. पण पहिला हात यंदा तुझा. मी दुसऱ्या हातावर उभा राहणार आहे. दादा खाली बसला तेव्हा दुसरा हात माझा होता. मला वाटलं, तो दमला. मी पुढं होऊन दोर धरला, त्याला धरलं नाही, आणि जाळं काठाला लागेपर्यंत मागं वळून पाहिलं नाही. दोर सुटला नाही, हे त्या वर्षीच्या इतिवृत्तातही आहे. यंदा तुझा पाय जरी सरकला तरी मी दोर सोडणार आहे, मासे गेले तरी चालतील, तसं लटारूभाऊंना सांगून ठेवलं आहे. तुझा कागद चांगला आला तर दोर. वाईट आला तर दोघं काट्यावर बसू. मी प्लास्टिकची आणखी एक खुर्ची आणून ठेवली आहे. रक्त दिलं की घरी जेवायला बोडीतले मासे आहेत. ते आता वीतभर झाले आहेत, आणि त्यांनी काय खाल्लं आहे ते तुला माहीत आहे.